कूलरवरची होली आणि वेळासची कासवीण – लेकीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मदत करा

मंजिरी_मानेवाडा
१५ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझी लेक आता सातवीत जाईल. सुट्टीचा प्रकल्प मिळालाय, अंडी घालणारे कोणतेही दोन प्राणी घ्या आणि त्यांची तुलना करा. तिने घेतलं समुद्रातलं ऑलिव्ह रिडले कासव आणि होला, म्हणजे कबुतराच्या कुळातला छोटा पक्षी (मादी ती होली). बाकीची पोरं मगर, कोंबडी असलं काही घेतील, पण हिने हे दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत म्हणून हेच हवं.

मार्चमध्ये आम्ही वेळासला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कासवांच्या किनाऱ्यावर, गेलो होतो. विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, मग मंडणगड, मग बाणकोटकडचा तो वळणावळणाचा रस्ता, पोचेस्तोवर हाडं खिळखिळी झाली. पण सकाळी सातला हॅचरीतली (अंडी जपून ठेवतात त्या कुंपणातली) टोपली उचलली आणि वाळूतून ती करडी-काळी पिल्लं, इवलीशी, अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, पंखासारखे पाय हापटत निघाली तेव्हा सगळा शीण गेला. त्याच्या आदल्या पहाटे तर नशीबच होतं, गावातल्या एका कासवमित्राने दार वाजवून उठवलं, एक मादी अंडी घालून परत चालली होती. टॉर्च नाही, आवाज नाही, लांबून पाहायचं. ती थकली होती, चार ढांगा टाकायची, थांबायची, परत चार. तिच्यामागे वाळूवर ट्रॅक्टर गेल्यासारखा पट्टा. पाण्यात शिरली आणि गेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आता नागपूर. काल कूलरचे पॅड बदलायला माणूस बोलावला, तर बाहेरच्या कूलरच्या पत्र्यावर, खिडकीच्या गजाला लागून, चार काड्या आणि मागच्या वर्षीच्या वुडवूलचे दोन-तीन धागे, त्यावर दोन पांढरीशुभ्र अंडी आणि वर होली बसलेली. हात लांब केला तरी उठेना, नुसती मान फुगवून पाहत राहिली. माणसाला परत पाठवलं.

रात्री लेक म्हणते, आई, होली उन्हात भाजते तरी उठत नाही आणि कासवीण शंभर अंडी टाकून निघून गेली, मग ती वाईट आई का? आजी (माझी आई, नागपूरच्या महाल भागातली, जन्मभर कीर्तनं ऐकलेली) लगेच म्हणाली, असं म्हणू नये, कासवी नजरेनेच पिल्लं वाढवते. लेक म्हणाली, आजी, मी पाहिलं ना, तिने पाहिलंच नाही.

मी गप्प बसले, मला खरंच उत्तर सुचलं नाही. तुम्ही काय सांगाल? आणि कूलरचं काय करू तेही सांगा, घरात पंख्याची हवा हेअर ड्रायरसारखी येऊन राहिली.

---

इतवारीचा_भाऊ
१५ एप्रिल, रात्री ११.०५

ताई कूलरचं आधी सांगतो. मोटर आणि पंखा चालू केला की पत्रा थरथरते, पाणी उडते, आणि ती होली घाबरून उठली की अंडी गेलीच समजा. आमच्याकडं गेल्या साली असंच झालं होतं, आम्ही पंधरा-वीस दिवस मधल्या खोलीत टेबलावरचा छोटा कूलर लावून काढले. निघून जातात ते दिवस. पोट्टे लोक ओले पंचे खिडकीला बांधून झोपत होते.

---

सदरवाला
१५ एप्रिल, रात्री ११.३०

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. कबुतराच्या विष्ठेने फुप्फुसाचे आजार होतात, घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल आहे. खिडकीला लागून घरटं ठेवू नये.

---

पाखरू_गोरेवाडा
१६ एप्रिल, सकाळी ६.२०

सदरवाला, काळजी बरोबर आहे पण कबुतर आणि होला यात फरक करा. कबुतरांचे थवे वर्षानुवर्षं एकाच डक्टमध्ये राहतात, विष्ठेचे थर साचतात, त्याची कोरडी धूळ श्वासात जाते, तो धोका खरा आहे. इथे एक जोडी आहे, चार आठवड्यांचा मुक्काम. खिडकीची काच बंद ठेवा, झालं तेव्हा ओल्या फडक्याने पुसा, कोरडं झाडू नका. आणि होला संरक्षित पक्षी आहे, अंड्यांसकट घरटं काढणं वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.

मंजिरीताई, गळ्याखाली छातीवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे बारके ठिपके आहेत का? अंग तपकिरी-गुलाबी, पंखाच्या कडेला राखाडी-निळसर? मग तो छोटा होला. मानेमागे काळी अर्धी कडी असेल आणि अंग फिकट राखाडी असेल तर कंठवाला. मानेमागे काळ्यावर पांढरे ठिपके असतील तर ठिपकेवाला. नागपुरात तिन्ही आहेत, मी गोरेवाड्याला एका सकाळी तिन्ही पाहतो. पण कूलर, मीटरची पेटी, कुंडी, बंद स्कूटरची सीट असल्या जागी घरटं म्हणजे नव्वद टक्के छोटा होला.

दोघं आळीपाळीने बसतात. सकाळी उशिरापासून दुपारभर बहुतेक नर, आणि संध्याकाळपासून रात्रभर मादी. त्यामुळे उन्हात भाजून राहिली म्हणता ती "होली" बऱ्याचदा बाप असेल. लेकीला हे नक्की सांगा, तुलना "आई" वर आणली की अर्धी गोष्टच सुटते.

---

मंजिरी_मानेवाडा
१६ एप्रिल, सकाळी ९.१५

छातीवर ठिपके आहेत! छोटा होलाच. आणि बापाचं वाचून लेक इतकी खूश झाली, तिने वहीत "आई" खोडून "आईबाबा" केलं.

---

गुरांची_डॉक्टर
१६ एप्रिल, दुपारी २.००

मी पशुवैद्य आहे, कोंबड्या-कबुतरांचं काम पडतं म्हणून थोडं लिहिते.

दुपारी आपल्याकडे ४४ अंश. अंड्यातल्या गर्भाला ३७-३८ अंश लागतात. म्हणजे नागपूरच्या एप्रिलमध्ये होला दुपारी अंडी उबवत नसतो, तो अंडी गार ठेवत असतो. कबुतराच्या कुळातल्या पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात पण कातडीतून पाणी बाष्प होऊन जातं, अंग थंड राहतं आणि पोटाखालची अंडीही. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर तो पक्षी कूलरवर बसून चालतोय. त्यासाठी त्याला रोज पाणी लागतं. गॅलरीत सावलीत मातीचं पसरट भांडं ठेवा, घरट्यापासून थोडं लांब. आणि लेकीला पाणी पिताना बघायला सांगा. चिमणी चोचीत थेंब घेते आणि मान वर करून गिळते. होला चोच बुडवून म्हशीसारखा ओढून पितो, मान वर करतच नाही.

आता खरी गंमत पिल्लं निघाली की. पिल्लू आंधळं, पिवळट विरळ केस, स्वतःचं डोकंही उचलता येत नाही. पहिले काही दिवस त्याला दाणा मिळत नाही, दूध मिळतं. हो, दूधच म्हणतात. आईबाप दोघांच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीच्या आतलं अस्तर जाड होतं, त्याच्या पेशी गळतात आणि पनीरच्या चुऱ्यासारखं काहीतरी तयार होतं, प्रथिनं आणि स्निग्ध भरपूर. ते तयार करायला सांगणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन, म्हणजे गाईच्या आणि बाईच्या शरीरात दूध आणतं तेच. पिल्लू आपली चोच आईच्या किंवा बापाच्या तोंडात खुपसतं आणि ओढतं. म्हणून अंडी दोनच, दोघांचं दूध दोनच पिल्लांना पुरतं.

---

दापोलीची_लेक
१६ एप्रिल, रात्री ९.५०

मी माहेरची दापोलीची, लग्न होऊन नागपुरात आले त्याला अकरा वर्षं झाली, आंजर्ल्याला आत्याचं घर. कासवीण वाईट आई हे वाचून राहवलं नाही.

अहो ती काय करते ते नीट पाहिलं तर कुणी असं म्हणणार नाही. समुद्रात जन्म काढलेला चाळीस किलोचा जीव, जमिनीवर त्याला चालता येत नाही, फरपटतो. ती भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी, हो मागच्या, न बघता, दीड फूट खोल खड्डा काढते, वर अरुंद आणि खाली गोल, अगदी आपल्या मडक्याच्या आकाराचा. एक पाय वाळू उचलतो आणि बाजूला टाकतो, मग दुसरा. आत शंभर-सव्वाशे अंडी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची. मग वाळू लोटते आणि मग आपलं अख्खं अंग डाव्या उजव्या बाजूला आपटून ती वाळू दाबते, धप धप आवाज येतो, लहानपणी आम्ही तो ऐकलाय. मग वरची वाळू विस्कटते म्हणजे जागा कळू नये. सगळं मिळून तासाभराचं काम, आणि एका हंगामात दोन-तीनदाही करते.

डोळ्यांतून पाणी येत असतं तिच्या. माझी आजी म्हणायची, लेकरं टाकून जाताना रडते. नंतर कळलं की डोळ्यांमागे मिठाच्या ग्रंथी असतात, खारं पाणी पिऊन जे जास्तीचं मीठ अंगात जातं ते असं बाहेर टाकते, समुद्रातही चालूच असतं, फक्त तिथे दिसत नाही.

आणि थांबून ती काय करणार? कुत्रा-कोल्हा आला तर पळता येत नाही, ऊन चढलं तर पाठ तापून तीच मरेल. तिचं तिथे थांबणं म्हणजे खूण करून ठेवणं.

एक महत्त्वाचं, हे प्रकल्पात घालाच. पक्ष्याची अंडी फिरवावी लागतात, होला चोचीने हलवत राहतो, नाही फिरवली तर गर्भ कवचाला चिकटतो. कासवाच्या अंड्याचं उलटं. घातल्यावर काही तासांत गर्भ वरच्या बाजूला चिकटून बसतो आणि त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर पिल्लू मरतं. म्हणून आमच्याकडचे कासवमित्र घरटं हलवायचं असेल तर पहाटेच्या पहाटे हलवतात आणि अंडं जसं निघालं तसंच हॅचरीत ठेवतात. होलीसारखं प्रेमाने फिरवत बसलो तर सगळी मारून टाकू. ज्याला जे मानवतं ते.

---

सुनंदाकाकू_महाल
१७ एप्रिल, सकाळी ७.३०

मंजिरी, तुझ्या आईची बाजू मी घेते. कूर्मदृष्टी हा शब्द आपल्या कीर्तनपरंपरेतला फार जुना आहे. पक्षीण पंखाच्या उबेने पिल्लू वाढवते, कासवी नजरेने वाढवते, कुठे कुठे नुसत्या आठवणीने वाढवते असंही सांगतात. गुरूची कृपा कशी लांबूनही पोचते ते सांगायला दिलेला दृष्टांत आहे तो. कोणी संतांनी किनाऱ्यावर बसून टिपण काढलं असा दावा नाही. पण मला वाटतं, ज्याने पहिल्यांदा हे म्हटलं त्याने हे नक्की पाहिलं असेल की कासवीण जवळ नसते आणि तरी पिल्लं जगतात. मग त्याला प्रश्न पडला असेल की कशावर जगतात. तुझ्या लेकीचाच प्रश्न.

देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असतं ते तिला दाखव. पाय आत घेऊन बसलेलं.

---

गुरांची_डॉक्टर
१७ एप्रिल, सकाळी ११.१०

काकू, कशावर जगतात याचं उत्तर आहे आणि ते फार सुंदर आहे.

अंड्यातून निघताना कासवाच्या पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला गोळा असतो. कवच फोडल्यावरही ते दोन-तीन दिवस वाळूतच थांबतं, तो बलक पोटात ओढून घेतं, मग सगळी भावंडं मिळून वाळू वर ढकलत निघतात. वर आल्यावर किनाऱ्यावरची धाव, लाटा, आणि मग खोल पाण्याकडे सलग पोहणं, हे सगळं त्या बलकावर होतं, वाटेत कुणी भरवत नाही. हा बलक आईने कधी भरला? अंडी घालायच्या कितीतरी महिने आधी, दूर समुद्रात खाऊन खाऊन, स्वतःच्या अंगातली चरबी अंड्यांत उतरवून.

म्हणजे होला रोज ताट वाढतो आणि कासवीण शिदोरी बांधून देते. लेकीला या शब्दांत सांगून बघा.

---

मंजिरी_मानेवाडा
१७ एप्रिल, रात्री १०.२०

डॉक्टर, तिने तेवढं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, मीच विदर्भ एक्सप्रेसमध्ये दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली होती तुम्हाला, मी कुठे होते सोबत?

---

भूगर्भ_मास्तर
१८ एप्रिल, सायंकाळी ५.००

निवृत्त शिक्षक, भूगर्भशास्त्र. उशिरा वाचला धागा, पण दोन गोष्टी जोडतो.

पहिली. वर्गात सरपटणारे प्राणी एका फळ्यावर आणि पक्षी दुसऱ्या फळ्यावर शिकवतात, त्यामुळे मुलांना वाटतं कासव म्हणजे पाल-सापाचं नातलग. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या जनुकीय अभ्यासांत बहुतेक असंच निघालं की कासवांची सगळ्यात जवळची जिवंत मंडळी म्हणजे मगरी आणि पक्षी. म्हणजे तुमच्या लेकीने कुठल्याही दोन परक्यांची तुलना केलेली नाही, चुलत घराण्यातल्या दोघांची केलीय. होला हा डायनासोरच्या शाखेचा वारस आहे.

आणि यासाठी कोकणात जायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथल्या लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत सहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या डायनासोरांची हाडं, त्यांची दगड झालेली विष्ठा आणि त्याच जागी कासवांचे अवशेष सापडलेत. ती कासवं समुद्रातली नव्हती, गोड्या पाण्यातली होती, मान आत ओढण्याऐवजी बाजूला मुडपणारी. आपलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथल्या टाकळीतून आणि पिसदुऱ्याहून जीवाश्म गोळा केले होते. मी तरुणपणी तिथल्या शेताच्या बांधावर कवचाचा एक तुकडा हातात धरला होता, नखाने चोळलं की वरची बारीक नक्षी बोटाला लागत होती. जागेवर ठेवून आलो.

दुसरी. मुलगा-मुलगी कोण ठरवतं? होल्यात मादीच्या अंड्यातलं गुणसूत्र ठरवतं (माणसात बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून). ऑलिव्ह रिडलेत वाळू ठरवते. घरट्याचं तापमान साधारण २९-३० अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त, खाली राहिलं की नर जास्त. किनारे तापत गेले तर नरच कमी होतील ही काळजी जगभर आहे, काही हॅचरींमध्ये त्यासाठी सावलीचं जाळं लावतात.

---

सदरवाला
१८ एप्रिल, रात्री ८.१५

हे माहीत नव्हतं. म्हणजे होल्यासारखं कोणी वर बसून तापमान सांभाळलं असतं तर कासवांना हा प्रश्न आलाच नसता. आई निघून गेल्याची किंमत तर आहेच ना मग?

---

दापोलीची_लेक
१८ एप्रिल, रात्री ८.४५

आहे. किंमत दोघींनाही आहे. कासविणीची निवड जागेची असते, किती वर, किती खोल. तेवढंच तिच्या हातात. त्यानंतर बारा-पंधरा वर्षांनी त्यातली एखादी लेक अंडी घालायच्या वयाची होते. हजारात एखादं मोठं होतं असं म्हणतात. पूर्वी आमच्या किनाऱ्यावर अंडी माणसंच काढून न्यायची, मी लहानपणी बाजारात पाहिलीत, लाज वाटते सांगताना. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव, आणि आता तीच गावकरी माणसं रात्री किनारा फिरतात, पर्यटकांना घरी ठेवतात, उकडीचे मोदक खाऊ घालतात. आई गेली पण गाव थांबलं.

---

पाखरू_गोरेवाडा
१८ एप्रिल, रात्री ९.३०

२०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली, ती बातमी लेकीला वाचून दाखवा. ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्येच्या किनाऱ्यांवर लाखोंनी एकदम येतात, आणि पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असं धरून चालले होते लोक. एक बाई अख्खा देश वळसा घालून आली. आणि तुमचा छोटा होला बहुतेक मानेवाड्यातच जन्मला आणि मानेवाड्यातच राहील.

लेक इंग्रजीत शोधेल तेव्हा "टर्टल डव्ह" सापडेल, गोंधळू नका. त्याचा कासवाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये या पक्ष्याला त्याच्या घुमण्यावरून तुर्तुर म्हणायचे, त्याचं पुढे टर्टल झालं. कासवाचा शब्द वेगळ्या वाटेने आला आणि आवाज सारखा झाला. ओरिएंटल टर्टल डव्ह थंडीत पेंचकडे दिसतो, अंगाने भरदार, पाठीवर खवल्यासारखी तांबूस नक्षी.

---

मंजिरी_मानेवाडा
२६ एप्रिल, सकाळी ८.००

काल एक पिल्लू निघालं, आज सकाळी दुसरं. कवचाचा अर्धा तुकडा खाली गॅलरीत पडला होता, लेकीने काडेपेटीत ठेवलाय. डॉक्टर म्हणाल्या तसंच, पिल्लाने अख्खं तोंड आईच्या घशात घातलं होतं, दोघांची मान एकत्र पंपासारखी हलत होती. आम्ही खिडकीला जुना पडदा लावलाय, त्याच्या फटीतून पाहतो. अकराच्या सुमारास एक उडून येतो, पहिला उठतो, दुसरा बसतो, ड्युटी बदलल्यासारखं. रोज त्याच वेळेला. आजी घड्याळ लावते त्यावर.

---

मंजिरी_मानेवाडा
३ मे, रात्री ९.१०

काल संध्याकाळी वादळ आलं. तुमच्याकडेही आलं असेल, आमच्या गल्लीत फांद्या पडल्या, दोन तास लाइट नव्हती. पत्र्यावरच्या चार काड्या, काय टिकणार. होली दोन्ही पिल्लांवर पंख पसरून बसली होती, पाऊस तिच्या पाठीवरून ओघळत होता, हलली नाही. पण घरटं सरकलं आणि एक पिल्लू खाली गेलं. आम्ही टॉर्च घेऊन खाली पोचलो तोवर संपलं होतं. छोटे छोटे पंख आले होते, निळ्या नळ्यांतून नुकते फुटत होते.

आजीने चाफ्याखाली पुरलं. लेक जेवली नाही. रात्री म्हणाली, तिने सगळं केलं ना गं, तरी कसं?

माझ्याकडे परत उत्तर नाही. दुसरं पिल्लू ठीक आहे. मी घरट्याच्या कडेला दोन विटा ठेवल्या, चुकलं का?

---

इतवारीचा_भाऊ
३ मे, रात्री ९.३०

ताई लय वाईट वाटलं. विटा बरोबर आहेत. थोडी वाळू किंवा नारळाच्या शेंड्या कडेला टाका, घसरणार नाही.

---

पाखरू_गोरेवाडा
३ मे, रात्री १०.१५

विटा बरोबर. आता हात लावू नका, पिल्लू नऊ दिवसांचं आहे, पाचेक दिवसांत उडेल.

लेकीला हे सांगा, मी तीस वर्षं घरटी पाहतोय. होल्याची बरीच घरटी जातात. कावळा, मांजर, भारद्वाज, वारा. घरटंच असलं तकलादू करतो तो. त्याचा भरवसा एका घरट्यावर नसतो. दोन अंडी, महिन्याभरात मोकळा, परत दोन, आपल्याकडे वर्षभर चालू, पावसात, थंडीत, उन्हाळ्यात. कासवीण एका रात्री शंभर घालते आणि होला दोन-दोन करत आयुष्यभर. धागा सुरू झाला तेव्हा आपण सगळे म्हणत होतो की एक पुष्कळ घालून सोडून देते आणि दुसरा थोडी घालून जपतो. तसं पूर्ण खरं नाही. होल्यालाही पुष्कळ घालावी लागतात, फक्त तो प्रत्येक वेळी जपतो.

---

सुनंदाकाकू_महाल
४ मे, सकाळी ७.००

तिला जवळ घेऊन झोप. आणि चाफ्याला पाणी तिच्या हाताने घालू दे.

---

मंजिरी_मानेवाडा
१० मे, सकाळी १०.००

काल सकाळी पिल्लू उडालं. आधी कूलरवरून गजावर, गजावरून समोरच्या भिंतीवर, तिथे बसून अर्धा तास रडगाणं. बाप (छातीवरचे ठिपके गडद आहेत तो, आम्ही ओळखायला लागलोय) भिंतीवर येऊन भरवून गेला.

प्रकल्प झाला. अठरा पानं. डावीकडे कासव, उजवीकडे होला असे रकाने करायला सांगितले होते, तिने दोन पानांनंतर रकाने सोडले आणि सरळ लिहीत गेली. काडेपेटीतलं कवच शेवटच्या पानावर चिकटवलंय.

आता घरटं काढून कूलर सुरू करू का? ४५ झालंय.

---

पाखरू_गोरेवाडा
१० मे, सकाळी १०.४०

आठवडाभर थांबता येईल का? घरटं साधलं की ही जोडी बऱ्याचदा त्याच जागी परत बसते. पिल्लू अजून भिंतीवर मागत असतं आणि इकडे पुढची तयारी सुरू होते. आठ दिवसांत कोणी आलं नाही तर खुशाल काढा.

---

इतवारीचा_भाऊ
१० मे, सकाळी ११.००

टेबलाचा छोटा कूलर माझ्याकडे आहे, पडून आहे, घेऊन जा. वाळ्याची ताटी पण देतो. पत्ता मेसेज करतो.

---

मंजिरी_मानेवाडा
१७ मे, सकाळी ६.५०

भाऊ, कूलरबद्दल फार आभार, आजीच्या खोलीत लावलाय, वाळ्याचा वास घरभर आहे.

आठवा दिवस होता. लेक उजाडायच्या आधी उठली, फटीतून पाहिलं आणि मला उठवायला आली. दोन विटांच्या मधे, जुन्याच काड्यांवर चार नव्या काड्या आणि एक अंडं. दुसरं उद्या-परवा येईल ना? पडदा परत बांधलाय, पाण्याचं भांडं धुऊन भरून ठेवलंय.